चिगुसा बाईसाहेबांचे दिवस

१

रोज सकाळी सूर्य सरोवरावर हातभर आला की शिगेनो स्वयंपाकघरातून दोन तबकं उचलायची. दोन्हींवर अगदी तेच असायचं. भात, समुद्री शेवाळाचा कढ, टोफूचा तुकडा आणि मुळ्याच्या लोणच्याच्या तीन चकत्या. पहिलं तबक उत्तरेच्या खोलीत मेलेल्या चिगुसा बाईसाहेबांपुढे ठेवायचं, दुसरं पूर्वेच्या खोलीत जिवंत चिगुसा बाईसाहेबांपुढे.

यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. जिवंतपणीच आपले दिवस घालून घेणं ही थोरामोठ्यांच्या घरची जुनी रीत. माणूस गेल्यावर मागच्यांनी एकोणपन्नास दिवस पूजापाठ केला, तर पुण्याच्या सात वाट्यांतला एकच वाटा मेलेल्याच्या पदरात पडतो. बाकीचे सहा वाटे करणारेच घेऊन जातात. हेच आपण जिवंतपणी करून घेतलं तर सातही वाटे आपले. बाईसाहेबांना ही गोष्ट पटली नसती तरच नवल.

"माझ्यामागं कोण काय करणार आहे ते मला चांगलं ठाऊक आहे," त्या म्हणाल्या होत्या. "सरदार दोन दिवस डोळे पुसतील आणि तिसऱ्या दिवशी घोड्यावर बसतील. त्यापेक्षा माझं मी करून घेते."

सरदार हिनोसे तेव्हाही घोड्यावरच होते, दूर कुठल्या तरी मोहिमेवर. घरात असते तरी त्यांनी नाही म्हटलं नसतं. बाईसाहेब आसागिरींच्या लेक, आणि आसागिरी म्हणजे राजधानीतलं बडं प्रस्थ. अर्ध्या मोठ्या मंदिरांत त्यांचेच भाऊ, काके, मामे गादीवर बसलेले. तीस वर्षांपूर्वी बाईसाहेब लग्न होऊन सरोवराकाठी आल्या तेव्हा कपड्यांच्या पेट्यांबरोबर एक भिक्षूही आला. भिक्षूमागून मंदिर आलं, मंदिरामागून त्याला लावून दिलेली गावं. पाच वर्षांत सरदारांच्या झाडून सगळ्या मानकऱ्यांनी वाडवडिलांचं मंदिर सोडून बाईसाहेबांचं मंदिर धरलं, आणि कुणी चकार शब्द काढला नाही. सरदारांना किल्ला मिळाला तो तलवारीवर असं ते सांगत. बाकीचे मान डोलावत आणि बाईसाहेबांच्या जपमाळेकडे बघत.

एवढ्या सगळ्याच्या बदल्यात आसागिरींना एकच गोष्ट द्यावी लागे. दर पिढीला घराण्यातली, नाहीतर घराण्याच्या लेकीच्या पोटची, एक मुलगी राजधानीतल्या मठात जायची. केस उतरवून आत गेली की परत यायची नाही. मागच्या पिढीत बाईसाहेबांची थोरली बहीण गेली, अकराव्या वर्षी. ती मठाची मुख्य झाली. आता तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. तिच्यामागून कोण, हे ठरलेलंच होतं. बाईसाहेबांची मुलगी तामाओ नुकतीच अकरा वर्षांची झाली होती, आणि एकोणपन्नासाव्या दिवशी पूजा आटोपली की तिला न्यायला मठाचा मेणा येणार होता.

तामाओला शिगेनोनं दूध पाजलं होतं. ज्या महिन्यात तामाओ जन्मली त्याच महिन्यात शिगेनोचं स्वतःचं मूल तापानं गेलं होतं. दूध वाया गेलं नाही, एवढं मात्र झालं.

२

नियम फारसे नव्हते. उत्तरेच्या खोलीत वेताच्या पडद्यामागे बाईसाहेबांच्या मरणोत्तर नावाची काळी लाकडी पाटी उभी केलेली होती. त्या खोलीत बाईसाहेब मेलेल्या होत्या. तिथं त्यांच्याविषयी 'होत्या' असंच बोलायचं. बाईसाहेबांनी स्वतः मात्र दिवस पुरे होईपर्यंत त्या खोलीचा उंबरठा ओलांडायचा नाही. पडदा कुणीच वर करायचा नाही. तबक ठेवायचं, एक उदबत्ती जळेपर्यंत थांबायचं आणि ते उचलून आणायचं.

पाचव्या दिवशी शिगेनो तबक उचलायला गेली तेव्हा कढाच्या वाटीचं झाकण वाटीवर नव्हतं. ते डाव्या हाताला, उताणं ठेवलेलं होतं.

भात हललेला नव्हता. तिन्ही चकत्या जागेवर होत्या. कढही काठोकाठ होता, फक्त निवलेला. झाकण तेवढं उताणं. वाफेचं पाणी तबकावर ओघळू नये म्हणून झाकण उताणं, डावीकडे ठेवायची सवय बाईसाहेबांची होती. घरात दुसरं कुणी तसं ठेवत नसे. बाकीचे जेवण झालं की झाकण सरळ वाटीवर ठेवत.

शिगेनो जराशी थांबली. मग तिनं मनाशीच म्हटलं, लाखेची झाकणं गरम कढावर कधी चिकटतात, कधी उडतात. उडालं असेल. आणि उडालेलं झाकण उताणं पडणार नाही तर काय सुलटं पडणार?

ती तबक घेऊन स्वयंपाकघरात आली आणि रीतीप्रमाणे तो भात तिनंच खाल्ला. ओकुमे, म्हणजे स्वयंपाकीण, भांडी घासता घासता म्हणाली, "शिगेनोबाई, मजा आहे तुमची. बाईसाहेब जिवंत असताना कधी त्यांच्या ताटातलं मिळालं नाही, आता रोज मिळतंय."

"असताना काय म्हणतेस मेले? आहेत त्या."

"अगंबाई! चुकलं." ओकुमेनं जीभ चावली आणि हसली. शिगेनोही हसली.

३

दर सातव्या दिवशी दोएई महाराज यायचे. बाईसाहेबांबरोबर राजधानीहून आलेला भिक्षू तो हाच. आता सत्तरीचा झालेला, सदा सर्दी झालेला, आणि गोड वाटाण्यांची पुरचुंडी बाहीत ठेवणारा माणूस. ते सूत्रं म्हणायचे आणि तामाओ मागं बसून मुख्य सुतकी म्हणून वाकायची. सरदार मोहिमेवर आणि मुलगा नाही, त्यामुळे हा मान तिच्याकडे आला होता. वाकून तिनं एक वाक्य म्हणायचं होतं, "आईसाहेब, तुमच्यामागं आम्ही सुखी आहोत, तुम्ही काळजी करू नका."

पहिल्या खेपेला ते म्हणताना ती अडखळली. दोएई महाराजांनी नाक ओढलं आणि तिला पुन्हा म्हणायला लावलं.

पूर्वेच्या खोलीत बाईसाहेब पंखा हलवत वाट बघत होत्या. "कोण किती रडलं?" त्यांनी शिगेनोला विचारलं.

"कुणी नाही, बाईसाहेब."

"एकही नाही? वा. मेल्यावर नवं काही कळतं म्हणतात ते असं." त्या हसल्या. मग पंखा मिटून म्हणाल्या, "तामाओचं पाठांतर कच्चं आहे. मठात नाक कापेल माझं. रोज दुपारी तिला त्या खोलीत बसवून सूत्रं वाचून घे."

शिगेनोनं धीर करून म्हटलं, "ताईसाहेब लहान आहेत अजून. आणखी दोन वर्षं थांबलं असतं तर…"

"माझी बहीण याच वयात गेली. मेण्यात बसताना ती माझा हात सोडत नव्हती. बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती गेली म्हणून मी इथं आहे, सरदार किल्ल्यात आहेत आणि तू सुखानं दोन घास खातेस. विषय संपला."

बाईसाहेब हे रागानं बोलल्या नाहीत. त्या कधीच रागानं बोलत नसत, आणि त्यांच्याशी वाद घालता येत नसे तो त्यामुळेच.

४

तामाओ रोज दुपारी उत्तरेच्या खोलीत बसू लागली. शिगेनो बाहेर पडवीत शिवण घेऊन बसायची. कागदी दारातून मुलीचा आवाज यायचा, एका सुरात, माशी गुणगुणल्यासारखा. पाठ संपला की शांतता. मग पुन्हा तिचा आवाज यायचा, पण सूत्रांचा नव्हे. दोन शब्द, थोडी शांतता, पुन्हा चार शब्द. मधल्या शांततेत शिगेनोची सुई आपोआप थांबायची.

"ताईसाहेब, आत कुणाशी बोलत होतात?"

"आईसाहेबांशी."

"त्या तर पूर्वेच्या खोलीत आहेत."

"त्या नाही गं शिगे. या मेलेल्या." तामाओ बाहीतून कागदाची चिमणी काढून बघत होती. "मेलेल्या माणसाशी बोलायचंच असतं. महाराजांनीच सांगितलंय."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, जाऊ नकोस. इथंच राहा माझ्याजवळ."

शिगेनोनं हातातली शिवण बाजूला ठेवली. भीती वाटली म्हणून नव्हे, तर पोरीनं हे वाक्य किती दिवस मनात घोळवलं असेल या विचारानं. मुलं असं करतातच. शिगेनो स्वतः लहानपणी विहिरीशी बोलायची, आणि विहीर तिला हवं तेच उत्तर द्यायची. खऱ्या आईकडून जे ऐकायला मिळणार नाही ते पोरगी पाटीकडून ऐकत होती, यात गूढ ते काय?

तिनं चिमणी हातात घेतली. घडी मोठी सुबक होती. तामाओला इतकी सुबक घडी घालता येत नव्हती. पण पोरं शिकतात, रोज शिकतात.

"ही कुणी करून दिली?" असं शिगेनो विचारणार होती. तिनं विचारलं नाही.

५

चौथ्या आठवड्यापासून बाईसाहेबांची भूक गेली. तबक जसंच्या तसं परत यायला लागलं.

"आत्ताच तर जेवले," त्या म्हणायच्या. "तू मघाशी आणलं होतंस."

"नाही बाईसाहेब, हे पहिलंच."

"मग पोट भरलेलं कसं माझं?"

पन्नाशीला टेकलेल्या बाईची भूक कमी होते, पाऊसपाण्याच्या दिवसांत तर होतेच. शिगेनोनं तसं सांगितलं. बाईसाहेब खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग एका सकाळी शिगेनो स्वयंपाकघरात गेली तर ओट्यावर एकच तबक होतं.

"दुसरं कुठंय?"

"दुसरं कुणाचं?" ओकुमे म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. तिचा चेहरा खरंच कोरा होता. क्षणभरानं तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अगंबाई, बाईसाहेबांचं! मेलं माझं लक्ष. सारखं होत्या-होत्या म्हणून डोक्यात तेच बसलंय बघा. सांगू नका हं त्यांना."

शिगेनोनं सांगितलं नाही. सांगायची वेळच आली नाही. बाईसाहेबांना ते आधीच कळलं होतं, आपलं आपण.

"आज बागेत माळी माझ्याजवळून गेला," त्या म्हणाल्या. "वाकला नाही. तोंड चुकवलं असतं तर मी समजले असते. तो माझ्याकडे बघत होता, शिगेनो. सरळ माझ्याकडे. आणि माझ्यामागच्या फांदीला पालवी फुटली का ते पाहत होता."

"त्याला मी बघते, बाईसाहेब."

"कुणाकुणाला बघशील? गेल्या खेपेला दोएई महाराज पडवीतून गेले तेही तसेच." बाईसाहेबांनी स्वतःचा हात उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. "दिवस पुरे व्हायला किती राहिले?"

"सतरा."

"बरं." तीस वर्षांत पहिल्यांदाच शिगेनोला त्यांचा आवाज म्हातारा वाटला. तिला वाईट वाटलं. आणि तिच्या मनात आलं की आता कळेल यांना, घरात असून नसल्यासारखं होणं कसं असतं ते. हे मनात आल्याची तिला लाज वाटली, पण ते मनातून गेलं नाही.

सवयीचा परिणाम, दुसरं काय, ती स्वतःला सांगत राहिली. महिनाभर एखाद्याला मेलेलं म्हटलं की जीभ वळते, जिभेमागून डोळेही वळतात. दिवस संपले की सगळं रुळावर येईल.

त्याच संध्याकाळी बाईसाहेबांच्या खोलीपुढून जाताना ती दारात वाकायला विसरली. चार पावलं पुढे गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं. ती परत आली, वाकली. बाईसाहेब आतून तिच्याकडे बघत होत्या.

६

बेचाळिसाव्या दिवशी दुपारी तामाओ हसली.

उत्तरेच्या खोलीतून, मोठ्यानं, पोटातून. असं हसू त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. बाईसाहेबांपुढे तामाओ मान खाली घालून बसायची आणि विचारलं तेवढंच बोलायची. शिगेनोच्या मांडीवरसुद्धा ती अशी हसली नव्हती.

पूर्वेच्या खोलीचं दार सरकलं. बाईसाहेब पडवीतून चालत आल्या. पायातल्या मोज्यांचा आवाज येत नव्हता, पण फळ्या कुरकुरत होत्या. शिगेनो वाटेत आडवी आली.

"बाईसाहेब, अजून सात दिवस आहेत. आपण आत जायचं नाही."

"माझी मुलगी कुणाबरोबर हसतेय?"

"एकटीच आहेत. खेळतायत."

"बाजूला हो."

त्यांनी दार उघडलं, उंबरठा ओलांडला आणि दार लावून घेतलं. लगेच ते पुन्हा हातभर उघडलं आणि तामाओ बाहेर आली. तिनं वळून दोन्ही हातांनी दार नीट लावलं, शिकवलं होतं तसं गुडघे टेकून, आणि शिगेनोजवळ येऊन बसली.

"आपण थांबू या शिगे. आईसाहेब बोलतायत."

"कुणाशी?"

तामाओनं तिच्याकडे असं पाहिलं, की एवढं साधं कसं कळत नाही.

आतून बोलणं येत होतं. शिगेनोनं कान दिला. आवाज एकच होता, बाईसाहेबांचा. तो काहीतरी विचारत होता, थांबत होता आणि मग उत्तर देत होता. एकटी बाई स्वतःशी बोलते तशी नव्हे. एकदा तर प्रश्न संपायच्या आतच उत्तर सुरू झालं, आणि दोन्ही थोडा वेळ एकमेकांवरून गेली.

मग बोलणं थांबलं. कमरेचा पट्टा सोडल्याचा, तो चटईवर पडल्याचा आवाज आला. रेशमाची लांब सळसळ झाली. हा आवाज शिगेनो तीस वर्षं रोज दोनदा ऐकत आली होती. फक्त तो तिच्या हाताखाली व्हायचा. आज आत कोण त्यांना कपडे घालत होतं?

दार उघडलं. बाईसाहेब बाहेर आल्या. चेहऱ्यावर थकवा नव्हता. त्यांनी तामाओच्या डोक्यावर हात ठेवला, मुलगी त्यांच्या कुशीत शिरली. "शिगेनो," त्या म्हणाल्या, "तबक आण. फार भूक लागलीय."

शिगेनो वाकली आणि वर बघताना तिची नजर त्यांच्या छातीपाशी अडली. किमोनोचा उजवा पदर डाव्यावर होता.

जिवंत माणूस डावा पदर उजव्यावर घेतो. उजवा वर घ्यायचा तो मढ्याचा, न्हाऊ घालून झाल्यावर. तीन वर्षांचं पोरही यात चुकत नाही. आंधळा चुकत नाही, दारुड्या चुकत नाही.

"पदर… घाईत…" शिगेनो पुटपुटली आणि पुढे होऊन, पट्टा सैल करून तिनं पदर बदलले. बाईसाहेब शांतपणे उभ्या राहिल्या. अंग उबदार होतं. श्वास चालत होता. छातीत ठोके होते, शिगेनोनं मुद्दाम मनगट टेकवून पाहिलं. मग आणखी काय हवं होतं तिला?

बाईसाहेब दोन वाट्या भात जेवल्या, आणि लोणच्याची एक चकती त्यांनी आपल्या हातानं तामाओला भरवली.

७

पुढचे सात दिवस घरात आनंदीआनंद होता. माळी वाकायला लागला. ओकुमे तबकं करायला विसरली नाही. बाईसाहेब मुलीचे केस विंचरायच्या, तिच्याबरोबर कागदाच्या चिमण्या करायच्या, सूत्रांचं नाव काढायच्या नाहीत. शिगेनो रोज सकाळी त्यांना डावा पदर वर घेऊन कपडे घालायची. दुपारपर्यंत उजवा वर असायचा. ती पुन्हा बदलायची.

उत्तरेच्या खोलीतलं तबक आता रिकामं परत यायचं. भाताचं शीतही उरत नव्हतं. उंदीर असतील, ती म्हणाली. पण उंदीर कढ पिऊन वाटी पुसून ठेवत नाहीत, हेही तिला माहीत होतं. तबक ठेवून दार लावलं की आत चटया दबल्याचा आवाज यायचा. सात पावलं, मग वळणं, पुन्हा सात पावलं. कुणी ताटकळत ठेवलं की बाईसाहेब अशाच फेऱ्या घालत. सरकत्या दाराला कडी नव्हती, तरी ते आतून कधी उघडलं नाही. शिगेनोनंही ते तबकापुरतंच उघडलं, आणि पडद्याकडे पाहिलं नाही.

एकोणपन्नासाव्या दिवशी सकाळी दोएई महाराजांनी शेवटची सूत्रं म्हटली. अंगणात मठाचा मेणा येऊन थांबला होता, चार भोई आणि एक कडक चेहऱ्याची भिक्षुणी. तामाओ प्रवासाचे कपडे न घालताच पूर्वेच्या खोलीत बाईसाहेबांना टेकून बसली होती.

"मुलगी जाणार नाही," बाईसाहेब म्हणाल्या.

भिक्षुणीला आपण नीट ऐकलं की नाही कळेना. "बाईसाहेब, मठात आपल्या भगिनी, थोरल्या मातोश्री, वाट बघतायत. आसागिरींच्या लेकीशिवाय मी मेणा परत नेऊ कसा?"

"रिकामा कशाला नेता? आसागिरींची लेक उत्तरेच्या खोलीत आहे. तिचे दिवस आजच पुरे झाले. पाटी मेण्यात ठेवा आणि घेऊन जा."

दोएई महाराजांनी वाटाणा तोंडात टाकायला हात उचलला होता, तो तसाच राहिला. त्यांची नजर बाईसाहेबांच्या गळ्यापाशी गेली आणि पदरावरून खाली घसरली. उजवा वर होता, आणि अजून दुपारही झाली नव्हती. शिगेनोनं तासापूर्वीच कपडे घातले होते.

ते उठले आणि शिगेनोला पडवीत घेऊन गेले.

"बाई, मी आता म्हातारा झालोय, मला नीट दिसत नाही," ते हळूच म्हणाले. "तू तीस वर्षं त्यांना कपडे घालतेस. तू सांगशील ते मी मठाला लिहून देईन. एक शब्द बोल. या आपल्याच बाईसाहेब ना?"

मागं उत्तरेच्या खोलीतल्या फेऱ्या चालू होत्या. महाराजांना ऐकू येत नसावं. त्यांचा प्रश्न संपला तशा त्या थांबल्या. दाराच्या अगदी जवळ, आतल्या बाजूला. समोर, उघड्या दारातून तामाओ दिसत होती. कुशीत घुसून, डोळे मिटून.

खरं काय ते शिगेनोला ठाऊक नव्हतं. पण आपण खोटं बोलणार आहोत हे तिला ठाऊक होतं.

"हो महाराज," ती म्हणाली. "आपल्याच बाईसाहेब."

महाराजांनी नाक ओढलं, मान हलवली, आणि पाटीला गुंडाळायला पांढरं कापड मागितलं.

८

मेणा पडवीला लावून पाटी आत ठेवली, वेताचा पडदा सोडला. भोयांनी खांदा दिला आणि पुन्हा खाली टेकवला.

"आयला, पाटी आहे की पाटा?" पुढचा म्हणाला.

"वाट लांब आहे, तोंडाची वाफ जपा," भिक्षुणी म्हणाली. त्यांनी दम घेऊन मेणा उचलला, आणि या खेपेला तो उचलला गेला. भोई वाकून चालत होते.

फाटकापर्यंत मेण्याबरोबर जायचा मान दाईचा. एरवी ती तामाओसाठी चालली असती. शिगेनो पडद्याच्या बाजूनं चालू लागली. चिंचोळी वाट, दोन्हीकडे बांबू, पुढे उन्हात चमकणारं सरोवर. रडत रडत मेण्यामागं धावायचं असं तिनं महिनाभर मनात रंगवलं होतं. आता रडायचं काही कारण नव्हतं.

"शिगेनो."

आवाज आतून, अगदी रोजचा. पूर्वेच्या खोलीतून हाक यायची तसाच.

"काय बाईसाहेब?" ती बोलून गेली. भोयांनी वळून पाहिलं नाही.

"अगं, कुठं चाललोय आपण?"

"मठात, बाईसाहेब. आपल्या थोरल्या बहिणीकडे."

दहा पावलं गेली. मग तोच आवाज, तितकाच शांत, "थांबव यांना. कुणाची तरी चूक झालीय."

पडद्याची कड हलली. खालच्या बाजूनं दोन बोटं बाहेर आली आणि कडेला धरून राहिली. नखं स्वच्छ कापलेली होती. शिगेनोनं ती गेल्या महिन्यात स्वतः कापली होती, आणि तेवढ्या दिवसांत ती वाढली नव्हती.

"चूक नाही, बाईसाहेब," शिगेनो म्हणाली.

चालता चालता तिनं ती बोटं सोडवली. आधी एक, मग दुसरं. थंड नव्हती ती, घट्टही नव्हती. तिनं ती आत सारली, पडदा सरळ केला आणि दोरीची गाठ मारली. फाटकापाशी ती थांबली, रीतीप्रमाणे वाकली, आणि मेणा सरोवराच्या वाटेला लागेपर्यंत तशीच राहिली. आतून पुन्हा हाक आली नाही. आली असती तर आपण काय केलं असतं, याचा विचार करायचा नाही असं तिनं ठरवलं.

ती परत आली तेव्हा पूर्वेच्या खोलीत ऊन आलं होतं. तामाओ बाईसाहेबांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती, आणि बाईसाहेब तिच्या केसांतून लाकडी फणी फिरवत होत्या. शिगेनो दारात गुडघे टेकून वाकली.

"गेल्या का त्या?" बाईसाहेबांनी वर न बघता विचारलं.

"गेल्या."

"काही म्हणाल्या?"

"नाही."

फणी क्षणभर थांबली, मग पुन्हा फिरू लागली. "दमली असशील. ये, अशी बस माझ्याजवळ."

तीस वर्षांत बाईसाहेबांनी तिला कधी बस म्हटलं नव्हतं. शिगेनो आत आली, दार लावलं, आणि त्यांच्याजवळ बसली.